चौथी फायनल

कतारमधल्या समस्त मराठी बंधुभगिनींना, त्यांच्या मित्रपरिवाराला, आणि अल मन्सूऱ्यातल्या आमच्या इमारतीत राहणाऱ्या, न राहणाऱ्या व फक्त तिथलं पार्किंग अडवणाऱ्या सर्व सज्जनांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, जानेवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी, पत्नी, कन्या आणि एक पातेलं कांदेपोहे यांच्या उपस्थितीत मी फुटबॉलची एक फायनल खेळलो. वाचकांनी कृपया उभं राहू नये. बसून वाचलं तरी चालेल.

यात एवढं गंभीर काय, असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. ज्या देशात विश्वचषकाची फायनल होऊन गेली तिथे शाळेच्या मैदानावर चार इंजिनियरांनी धापा टाकत खेळलेल्या सामन्याला कोण विचारतो? पण माझी बाजू ऐकून घ्या. माझा संघ त्याआधी तीन वेळा फायनलला पोचला होता, आणि तिन्ही वेळा मी दुसरीकडेच होतो.

पहिली फायनल कोल्हापुरातली. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. आमच्या पेठेत पोरगं बोलायला लागलं की त्याला आधी आपली तालीम, म्हणजे आपला संघ, कुठला ते शिकवतात. स्वतःचं नाव नंतर सवडीने. मी कॉलेजच्या संघाचा गोलकीपर होतो. उंच होतो, हात लांब होते आणि पळायचा मनापासून कंटाळा होता. या तीन गुणांवर माणसाला जगात दुसरी जागा मिळणं अवघड. त्या वर्षी आम्ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या फायनलला गेलो, आणि नेमकं त्याच दिवशी मला म्हैसूरला हवाई दलाच्या निवड मंडळासमोर हजर राहायचं होतं. खरं तर अर्ज मी एका मित्राला सोबत म्हणून भरला होता. मित्राला बोलावणं आलं नाही. मला आलं.

घरात दोन दिवस खलबतं चालली. वडील म्हणाले, जा. आईने विमानाच्या भानगडीत फारसं लक्ष घातलं नाही. तिने एवढंच विचारलं, "म्हंजे आता त्यो बॉल सुटंल न्हवं?" सुटेल म्हटल्यावर तिने लगेच लाडू वळायला घेतले.

मुलाखतीला समोर भरघोस मिशांचे एक अधिकारी बसले होते. त्यांनी माझा अर्ज बराच वेळ वाचला आणि विचारलं, "गोलकीपर नव्वद मिनिटं करतो काय?"

"वाट बघतो, सर."

"आणि बॉल आल्यावर?"

"तेव्हा विचार करायला वेळ नसतो, सर."

ते मिशीतल्या मिशीत हसले. पुढे हेलिकॉप्टर उडवायला लागलो तेव्हा कळलं की त्या दोन प्रश्नांत त्यांनी माझ्या सगळ्या नोकरीचं वर्णन माझ्याच तोंडून काढून घेतलं होतं.

तिकडे माझ्या कॉलेजने ती फायनल चार-शून्य अशी जिंकली. माझ्या जागी उभा राहिलेल्या मुलाच्या हाताला अख्ख्या सामन्यात बॉल लागला नाही. एकदा पाठीला लागला, तोही बुटाची नाडी बांधताना. आजही सुट्टीत कोल्हापूरला गेलो की तो मला कट्ट्यावर गाठतो, खांद्यावर हात टाकतो आणि म्हणतो, "भावा, तू गेलास आणि सगळं माझ्यावर आलं बघ."

दुसरी फायनल हवाई दलातली, आमच्या युनिटची. त्या आठवड्यात उत्तरेत पूर आला आणि फायनलच्या दिवशी मी लोकांच्या गच्च्यांवर पिठाची पोती उतरवत होतो. त्याबद्दल तक्रार नाही. एका गच्चीवर छत्री उघडून उभे असलेले गृहस्थ मला खुणेने सांगत होते की शेजाऱ्यांकडे आधीच दोन पोती टाकलीत, आता आमच्याकडे टाका. आम्ही जरा खाली आलो, पंख्याच्या वाऱ्याने त्यांची छत्री शेजाऱ्यांकडे गेली आणि पोतं त्यांना मिळालं. हिशेब फिटला असं आम्ही समजलो.

तिसरी फायनलही युनिटचीच, आणि त्या दिवशी माझं लग्न होतं. मुहूर्त बायकोच्या मामांनी काढला होता. हे मी तिला अधूनमधून ऐकवतो. ती शांतपणे म्हणते, "तारीख बदलता आली असती. माणूससुद्धा."

तर अशी माझी पार्श्वभूमी. हवाई दलातून निवृत्त झालो आणि सात वर्षांपूर्वी इथे आलो. रास लफान या गॅसच्या बंदराच्या पुढे समुद्रात वायू काढणारे फलाट आहेत. तिथे पाळीवर जाणाऱ्या माणसांना मी सकाळी हेलिकॉप्टरने नेतो आणि पाळी संपलेल्यांना परत आणतो. थोडक्यात, एसटी. फक्त खिडकीतून हात बाहेर काढता येत नाही आणि कुणी रस्त्यात थांबवत नाही. बायको इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. ती मूळची नाशिकची, आणि तिच्या माहेरी फुटबॉल हा शब्द फक्त भूगोलाच्या तासाला, पृथ्वीचा आकार सांगताना वापरत असत. मुलगी यंदा बारावीला आहे. तिच्याशी आम्ही मराठीत बोलतो आणि ती इंग्रजीत उत्तर देते. घर सुरळीत चालू आहे.

आता उजव्या गुडघ्याविषयी. तो तरुणपणी एकदा दुखावला, मग बरा झाला, पण झालेला अपमान विसरला नाही. त्याच्यावर जरा जोर आला की तो फुगून बसतो. एरवी मी त्याच्याशी जुळवून घेतो, पण वैमानिकाची दर वर्षी वैद्यकीय तपासणी होते, आणि तिथे डॉक्टर उठाबशा काढायला लावतात. गुडघा सुजलेला सापडला की उड्डाण बंद. किती दिवस, ते गुडघा ठरवणार. माझा करार संपत आला होता आणि नवा करार त्या तपासणीच्या कागदावर अडला होता. उड्डाण बंद झालं असतं तर करार नाही, करार नाही तर इथलं राहणं नाही, आणि मुलीची बारावी ऐन तोंडावर. म्हणजे आमचं अख्खं बिऱ्हाड माझ्या उजव्या गुडघ्याच्या वाटीत मावलेलं होतं.

आणि अशा वर्षी मराठी मंडळींचा संघ फायनलला पोचला.

याला मी जबाबदार आहे असं म्हणतात, आणि मी ते कधी नाकारलेलं नाही. झालं असं की माझ्या हेलिकॉप्टरने नेहमी ये-जा करणारा लातूरचा एक शिफ्ट इंजिनियर एका संध्याकाळी घरी आला. दार उघडल्या उघडल्या म्हणाला, "सर, आमचे पोरं नुस्ते पळायलेत. बॉल कुठं हाय त्याचा पत्ता नाही. तुम्ही येऊन नुस्तं हुबं ऱ्हावा."

नुसतं उभं राहायचं काम मला आयुष्यभर जमलेलं असल्यामुळे मी गेलो. संघात रास लफानचे सात-आठ इंजिनियर होते, कंपनीच्या बसमधून उतरून थेट मैदानात येणारे. बाकीचे आयटी आणि फायनान्सवाले तरुण. लातूरकर स्वतः बचावाच्या मधोमध खेळायचा. माणूस भक्कम, अंगाने फ्रीजसारखा, आणि गोलकीपर पुढे आला की हाही त्याच बॉलवर जायचा. दोघे आपटायचे आणि बॉल आपल्या वाटेने गोलमध्ये निघून जायचा.

त्यावर मी त्यांना हेलिकॉप्टरमधली एक रीत शिकवली. आमच्याकडे दोन वैमानिक शेजारी बसतात आणि दोघांच्या पुढ्यात तेच कंट्रोल असतं. मशीन नक्की कुणाच्या हातात आहे याबद्दल गैरसमज झाला तर पुढे गैरसमज करून घ्यायला कुणी उरत नाही. म्हणून ज्याला ताबा घ्यायचा आहे त्याने मोठ्याने म्हणायचं, "आय हॅव कंट्रोल." दुसऱ्याने हात सोडत उत्तर द्यायचं, "यू हॅव कंट्रोल." उत्तर कानावर आलं की मगच पहिला ते मशीन आपलं समजतो. शिकाऊ असताना मी एकदा उत्तराची वाट न बघता दांडा धरला, तर प्रशिक्षकांनी माझ्या हेल्मेटवर टॉर्च वाजवला होता. त्यानंतर तीस वर्षांत ती चूक झाली नाही.

इंजिनियर मंडळींना फुटबॉलपेक्षा ही रीतच जास्त आवडली. त्यांच्या प्लांटवरही वॉकीटॉकीवर ऐकलेलं प्रत्येक वाक्य परत म्हणून दाखवायचं असतं. दोन आठवड्यांत आमच्या गोलपुढे असं शिस्तबद्ध संभाषण चालू लागलं की समोरचे खेळाडू ऐकत थांबायचे. आणि आम्ही जिंकायला लागलो. उपांत्य सामना जिंकल्यावर लातूरकराने मला उचलण्याचा प्रयत्न केला. गुडघ्याची आठवण करून दिल्यावर खाली ठेवलं.

फायनल शुक्रवारी होती. तपासणी रविवारी.

बायकोने बुधवारीच मला समोर बसवलं. "प्रशिक्षक म्हणून जायचं ना? जा. पण बसून राहायचं." तिने घडीची एक खुर्ची आणली होती. निळी, कापडी, हाताशी पेला ठेवायला भोक असलेली. "या खुर्चीतून उठायचं नाही."

"ओरडायला तरी उठावं लागेल."

"बसून ओरडा. घरी ओरडताच ना."

मी शब्द दिला. इथे मला एक गोष्ट कबूल करणं भाग आहे. शब्द देताना माझ्या फ्लाइट बॅगेत तळाशी, नकाशांच्या खाली, नवीन हातमोज्यांचा जोड होता. आणि स्पर्धेच्या कचेरीत दिलेल्या खेळाडूंच्या यादीत सोळाव्या क्रमांकावर, राखीव गोलकीपर म्हणून, माझंच नाव होतं. मी खेळणार नव्हतो. आमचा गोलकीपर चोवीस वर्षांचा, पुण्याचा, आयटीतला, रबरासारखा मुलगा होता. त्याला काही होण्याचं कारणच नव्हतं. पण फायनलच्या यादीत नाव असणं, एवढी हौस माणसाने पुरवून घ्यावी की नाही? मी स्वतःला विचारलं, आणि उत्तर अनुकूल आलं.

शुक्रवारी सकाळी साडेसातला आम्ही मैदानावर. जानेवारीतलं इथलं ऊन म्हणजे कोल्हापूरच्या दिवाळीतलं. अंगावर शाल असावी असं वाटतं आणि घेतली की काढावीशी वाटते. बायकोने पोह्यांचं पातेलं सावलीत ठेवलं, खुर्ची मांडली, मला तीत बसवलं आणि स्वतः शेजारी सतरंजीवर बसली. मुलगी जीवशास्त्राचं पुस्तक घेऊन आली होती, पण ते तिने उघडलं नाही.

समोर केरळचा संघ. ही मंडळी फुटबॉल खेळत नाहीत, श्वास घेतात तसा तो त्यांना होत असतो. त्यांचा कप्तान म्हणजे आमच्या इमारतीखालच्या कॅफेटेरियाचा मालक. सात वर्षं रोज सकाळी मी त्याच्याकडे करक चहा पितो. साखर किती ते मला सांगावं लागत नाही. तो मुद्दाम माझ्या खुर्चीपाशी आला, खुर्चीकडे बघितलं, हाताशी असलेल्या भोकाकडे बघितलं आणि म्हणाला, "कॅप्टन साब, चाय भेज दूँ क्या? आराम से देखो."

पूर्वार्धात आमचा एक गोल झाला. कॉर्नरवरून आलेला बॉल कुणाच्या तरी खांद्याला लागून आत गेला. कुणाच्या ते अजून ठरलेलं नाही, तिघांचा दावा आहे. मी बसून ओरडलो. शब्द पाळल्याबद्दल बायकोने मला अर्धी वाटी पोहे दिले.

मध्यंतर झालं आणि पुण्याचा मुलगा हातात फोन घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. चेहरा पांढराफटक.

"सर, आई-बाबा उतरलेत."

"कुठून?"

"विमानातून. फ्लाइट दहाला येणार होती, लवकर आली. ते पहिल्यांदाच विमानात बसलेत, सर. बाबांनी बाहेर येऊन कुणाचा तरी फोन मागून लावलाय. आई म्हणतेय इथे सगळे एकसारखेच कपडे घालून फिरतायत, तू ओळखू येशील का."

"मग जा ना."

"पण फायनल आहे, सर."

"अरे, आई-बाबा उभे आहेत तिथे. यल्ला, नीघ."

हे बोलताना माझा आवाज इतका उदात्त लागला की स्वतःलाच भरून आलं. आत मात्र कुणीतरी ताशा बडवायला सुरुवात केली होती. मुलगा पळत गाडीकडे गेला आणि सगळा संघ माझ्याकडे बघायला लागला. मी बायकोकडे बघितलं. ती माझ्याकडे बघतच होती.

"दुसरा गोलकीपर कोण आहे?" तिने विचारलं.

लातूरकराने खिशातून यादी काढली, वाचली आणि सरळ मनाने म्हणाला, "वहिनी, सोळा नंबर. सरच हायत."

"यादीत नाव कसं आलं?"

"चुकून," मी म्हणालो.

"आणि बॅगेतले हातमोजे?"

मुलगी म्हणाली, "बाबा, यू आर सो डेड."

बायकोने पातेल्यावर झाकण ठेवलं. ती रागावली की आवाज चढत नाही, उलट वर्गात प्रयोगाच्या सूचना देतात तसा संथ होतो. "नीट ऐका. उभं राहायचं. हाताला बॉल आला तर धरायचा. नाही आला तर जाऊ द्यायचा. अंग टाकायचं नाही. तुम्ही एकदा जरी आडवे झालात ना, तर रविवारी डॉक्टरांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. मी त्यांना खरं सांगीन."

"म्हणजे मी खेळू?"

"उभे राहा म्हणाले. खेळा नाही म्हणाले."

एवढं पुरे होतं. सोळा नंबरचा शर्ट मला पोटावर जरा घट्ट झाला, पण गोलच्या दोन खांबांमध्ये जाऊन उभा राहिलो, हात पसरून बघितले, आणि खरं सांगतो, मला क्षणभर कुठला देश आहे तेही आठवेना. त्रेपन्न वर्षांत पहिल्यांदा मी फायनलमध्ये होतो. समोर माणसं बॉलमागे धावत होती आणि त्यातली निम्मी माझ्याच दिशेने येणार होती.

पहिली पंधरा मिनिटं छान गेली. दोन बॉल हातात आले, ते धरले. एक बाहेर गेला, त्याला मी अशा रुबाबात जाऊ दिलं की तो माझ्याच आज्ञेने गेला असं वाटावं. बायको बाजूला बसून माझे पाय मोजत असल्यासारखी बघत होती.

मग डावीकडून एक उंच बॉल आला. आमच्या गोलपुढे, लातूरकराच्या आणि माझ्या बरोबर मधोमध. मी दोन पावलं पुढे आलो आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "आय हॅव कंट्रोल."

लातूरकर थांबला. शिकवल्याप्रमाणे त्याने पाय मागे घेतला, तोंड उघडलं, पण नुकताच तो सगळं मैदान पळून आला होता. त्याच्या तोंडातून हवा आली, शब्द आले नाहीत. आणि माझे हात, जे तीस वर्षं उत्तराशिवाय कशालाच शिवले नव्हते, हवेत तसेच थांबले. मी त्याच्याकडे बघतोय, तो माझ्याकडे बघतोय. बॉलने आमच्यामध्ये एक टप्पा घेतला. मग दुसरा घेतला. मग तो माझ्या बाजूने गोलकडे निघाला, इतका सावकाश की नाव घेऊन हाक मारली असती तर परत आला असता. त्याने रेषा ओलांडली, आणि त्याच क्षणी लातूरकराला श्वास सापडला. प्रामाणिक माणूस. काम अर्धवट सोडत नाही.

"यू हॅव कंट्रोल, सर," तो म्हणाला.

एक-एक. कॅफेटेरियावाला कप्तान जाळ्यातून बॉल काढायला आला तेव्हा त्याने मनापासून विचारलं, "कॅप्टन साब, आप लोग क्या मीटिंग कर रहा था?"

"सर, मी म्हणायलो होतो," लातूरकर कळवळून सांगत होता, "पण आवाजच निघंना."

मी सतरंजीकडे बघितलं. बायकोने पदर तोंडात धरला होता आणि तिचे खांदे हलत होते. मग ती उठली, माझी निळी खुर्ची उचलली आणि गोलच्या जाळ्यामागे आणून मांडली. माझ्यापासून पाच-सहा हातांवर. "आता इथूनच बघते," म्हणाली. "तुमच्यावर लक्ष ठेवायला बरं पडतं."

खरं सांगायचं तर लक्ष गुडघ्यावर होतं. मी जरा वाकलो की मागून "सरळ" असा शब्द यायचा. एकदा मी डावीकडे झेपावायला म्हणून पाय रोवला, तर ती एवढंच म्हणाली, "रविवार." मी पाय काढून घेतला आणि बॉल खांबाला लागून बाहेर गेला. पुढच्या दहा मिनिटांत मात्र तिच्या सूचनांचा सूर जरा बदलला. "तो लाल बुटांचा एकटाच आहे, त्याला कुणी धरत का नाही?" असं ती मुलीला म्हणाल्याचं मी ऐकलं. भूगोलाच्या तासापलीकडे फुटबॉल माहीत नसलेल्या माहेरची बाई. मी वळून बघितलं तर म्हणाली, "समोर बघा."

शेवटची दोन मिनिटं राहिली होती. लातूरकराने आमच्या गोलपुढे एकाला आडवं केलं. जाणूनबुजून नाही, फ्रीज वाटेत असला तर माणूस धडकतोच. पंचांनी शिट्टी वाजवली आणि पेनल्टीच्या जागेकडे बोट दाखवलं. कॅफेटेरियावाल्याने बॉल स्वतः ठेवला, चार पावलं मागे गेला.

इथे गोष्ट जरा थांबवतो आणि निकाल सांगून टाकतो, नाही तर तुमचं लक्ष त्याच्यावर राहील. ती फायनल आम्ही हरलो. सामना एक-एक सुटला, मग दोन्हीकडून पाच-पाच पेनल्ट्या मारायचं ठरलं, आणि आमच्या तीन इंजिनियरांनी बॉल गोलवरून इतका उंच मारला की तो मला नेहमीच्या कामाच्या उंचीवर दिसला. पोहे दोन्ही संघांनी मिळून संपवले. पुण्याचा मुलगा आई-बाबांना थेट मैदानावरच घेऊन आला, आणि त्याच्या आईने विचारलं की इथे हरल्यावर एवढं हसतात का. शनिवारी मी दिवसभर मटारच्या गोठलेल्या पिशव्या गुडघ्यावर घेऊन पडून होतो. रविवारी सकाळी डॉक्टरांना मी होऊन सगळं सांगितलं, कारण नाही तर दुसरं कुणी सांगणारच होतं. डॉक्टर इजिप्तचे. त्यांनी गुडघा दाबला, वाकवला, दहा उठाबशा काढायला लावल्या. सातव्या वेळी आतून कट्‌ असा आवाज आला. ते म्हणाले, माझ्याही येतो. मग त्यांनी सामन्याचा निकाल विचारला, ऐकून हळहळले, आणि कागदावर सही करत म्हणाले, "खलास, यू आर फिट." नवा करार झाला. मुलीची परीक्षा इथेच होते आहे.

पण मला सांगायचं आहे ते यापैकी काहीच नाही. मला ती पेनल्टी सांगायची आहे.

कॅफेटेरियावाला चार पावलं मागे उभा. मी रेषेवर. मागे खुर्चीत बायको. उभा राहिलो असतो तर मला कुणी नावं ठेवली नसती. त्रेपन्न वर्षांचा माणूस पेनल्टीला उभा राहिला हेच पुष्कळ, असं म्हणून लोकांनी पाठ थोपटली असती. करार, व्हिसा, बारावी, सगळं माझ्या उजव्या पायात गोळा झालेलं मला कळत होतं. मी मनाशी पक्कं ठरवलं की उभं राहायचं. आडवं व्हायचं नाही.

तो धावत आला, बॉल माझ्या उजव्या हाताला खालून सुटला, आणि माझं ठरलेलं असताना मी हवेत होतो.

बॉल बोटांना लागला. जमिनीवर मी उजव्या अंगाने आलो, सगळ्या वजनानिशी, आणि पहिला कोण टेकला असेल तर तो गुडघा. जी कळ आली ती डोक्यापर्यंत गेली. पुढचं मागचं काही न सुचता मी दोन्ही हातांनी गुडघा धरला, डोळे मिटले आणि पायाची बोटं हलतात का बघू लागलो. बॉल कुठे गेला हे माझ्या गावीही नव्हतं. तो माझ्यापासून हातभर अंतरावर, मोकळा, हिरवळीवर गोल गोल फिरत होता आणि लाल बुटांचा तो माणूस त्याच्याकडे धावत निघाला होता. आणि मागून, पाच-सहा हातांवरून, घडीची खुर्ची उलटी पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ माझी बायको, जिने गेले तीन दिवस त्या गुडघ्याला उशीवर ठेवून झोपवलं होतं, अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"अहो, गुडघा काय धरताय, मरू दे तो, बॉल धरा, बॉल!"